निळ्या फळ्यांची भिंत

मित्या, मघाशी दार वाजलं तेव्हा तू काय म्हणालास? "वाजू दे, एवढी तार लावतो आणि बघतो." मग मी उठून दार उघडलं आणि तुम्ही सगळे फिदीफिदी हसलात. तिखोन लुकिच म्हातारा झाला, दाराला घाबरतो. घाबरतोच मी, त्यात लपवायचं काय आहे? आता वीज गेलीच आहे, अंधारात कोणाला काम होणार नाही, शेगडीत लाकडं आहेत. चहा ओता आणि ऐका. आणि मधेमधे शहाणपणा पाजळायचा नाही.

ही रोदिओनची हकीकत. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. याच खोलीत, मित्या बसलाय त्याच स्टुलावर बसून तो माझ्याकडे पियानो जुळवायला शिकला. कान सोन्याचा. स्वभाव मात्र विचारू नका. एकदा तारेला किल्ली लावली की बाहेर घर जळत असलं तरी हा उठायचा नाही. तार अर्धी सोडून उठलं की ती रुसते, असं म्हणायचा. ते माझंच वाक्य, मीच त्याला शिकवलेलं. त्याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या घालतो.

दोन हजार एकोणीस साल. जानेवारीची अठरा तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी बाप्तिस्म्याचा सण, म्हणजे मध्यरात्री चर्चमधून पवित्र पाणी आणायची रात्र. पारा उणे एकतीसवर होता. संध्याकाळी सातला रोदिओनला सोस्नोगोर्येहून फोन आला. तिथे कामा नदीच्या काठी एरास्त कुदीनोवचं घर आहे. कुदीनोव म्हणजे तोच, युद्धात मॉस्कोहून इकडे हलवलेला संगीतकार. त्रेचाळीसच्या हिवाळ्यात त्या घरात बसून त्यानं आपला तिसरा सोनाटा लिहिला, एकट्या पियानोसाठी. आता त्या घराचं संग्रहालय केलंय. शनिवारी दुपारी राजधानीतली कोणी बाई त्याच पियानोवर तोच सोनाटा वाजवणार होती. पाहुण्यांसाठी म्हणून यांनी दोन दिवस भट्टी धडाडून पेटवली आणि पियानोचा सूर पार उतरला. रात्रीत जुळवून द्या, म्हणाले.

रोदिओनच्या घरी त्याची बायको झान्ना, आणि चार वर्षांची मुलगी उस्त्या. उस्त्याला सकाळपासून खोकला होता. साधा नव्हे, कुत्रं भुंकल्यासारखा.

झान्ना म्हणाली, "आज नको जाऊस."

"सकाळी डॉक्टर बघून गेली ना? औषध दिलंय ना?"

"रात्री वाढेल म्हणाली. गाडी एकच आहे, ती तू नेणार. मी काय हिला पाठुंगळीला घेऊन पळू?"

"चाळीस किलोमीटर आहे, झान्ना. चंद्रावर नाही चाललोय."

"मग फोन चालू ठेव."

"जुळवताना फोन बंद असतो. लग्नाला आठ वर्षं झाली, तुला आता कळलं का?"

"आठ वर्षांत तू एकदा तरी हाकेला ओ दिलीस का, ते सांग."

असं बोलणं झालं. प्रवासाला निघताना घटकाभर सगळ्यांनी मिळून बसायचं असतं ना आपल्यात, तेवढंही दोघं बसले नाहीत. रोदिओननं हत्यारांची पेटी उचलली आणि दार आपटून निघून गेला.

सोस्नोगोर्येला पोचायला नऊ वाजले. लाकडी, दुमजली घर, भोवती पुरुषभर उंच कुंपण. खिडक्यांना लोखंडी गज, कारण आत कुदीनोवचा चष्मा आणि पेन ठेवलंय. राखण करायला कापामावशी म्हणून एक म्हातारी, वय सत्तरीच्या पुढे. खुर्चीवर चढून दारांच्या चौकटींवर खडूनं सणाच्या रात्रीचे क्रूस काढत होती.

"बूट काढ," तिनं खाली न बघताच सांगितलं. "पाय पूस. मग परत पूस."

"मावशी, मी पियानो लावायला आलोय, जेवायला नाही."

"जेवायला कोण घालतंय तुला."

तिनं त्याला मोठ्या खोलीत नेलं. पियानो भिंतीला टेकून उभा होता. काळा, रुंद, मेणबत्त्यांसाठी पितळी दिवठाणी असलेला. रोदिओननं वरचं झाकण काढलं, पुढची फळी काढली, मधल्या तारांमधून लोकरीची फीत ओवली. मित्या, कशासाठी ओवतात? बरोबर. प्रत्येक सुराच्या तीन तारा, त्यातल्या दोन मुक्या करायच्या आणि एकच बोलू द्यायची. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

कापामावशी दारात उभीच होती.

"अकराला मी पाणी आणायला चर्चमध्ये जाते. रांग असते. बारानंतर येईन. फाटकाला आणि पुढच्या दाराला कुलूप लावून जाणार, संग्रहालयाचा नियम आहे. तुला बाहेर जायचं तर मागचं दार आहे, आतून आकडा आहे."

"मला कुठे जायचंय?"

"आणि भिंत वाजली तर हात थांबव. 'येतो' म्हण. एवढं कर."

"कोणती भिंत?"

"वाजेल ती," म्हातारी म्हणाली आणि पाय घासत निघून गेली.

रोदिओननं ते या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. त्याला वाटलं, पलीकडे कोणी बिऱ्हाड असेल. अकरानंतर आवाज करायचा नाही असा कायदाच आहे, तेव्हा शेजारी भिंत ठोकणार हे ठरलेलं. आपल्याकडे कोणी भिंत ठोकली की अर्थ एकच, आवाज बंद कर. आपल्या पोरांना बोलता येण्याआधी हे कळतं. आणि पंधरा वर्षं रोदिओन लोकांच्या घरात एकच पट्टी शंभर शंभर वेळा बडवत होता, त्याच्यासाठी किती भिंती वाजल्या असतील याचा हिशेब नाही. त्यानं फोन बंद केला, कोटाच्या खिशात टाकला, कोट दाराजवळच्या आतल्या खुंटीला अडकवला.

अकराला कुलपं लागल्याचा आवाज आला. घर शांत झालं. भट्टीतली लाकडं तेवढी तडतडत होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी भिंत वाजली.

तीन ठोके. जरा थांबून चार.

रोदिओन हसला. तो ठेका त्याच्या ओळखीचा होता. कुदीनोवच्या सोनाट्याचा शेवटचा भाग अखंड त्याच ठेक्यावर चालतो. तीन, थांबा, चार. डावा हात एकदाही सुटत नाही. पुस्तकांत लिहिलंय की हे रणगाड्यांचं चालणं आहे, शाळेत आम्हालाही तेच शिकवलं. रोदिओनला वाटलं, शेजारी रसिक दिसतोय.

"अर्धा तास आणखी," तो मोठ्यानं म्हणाला आणि पट्टी बडवली.

तीन. चार.

"ऐकलं मी."

तीन. चार. आता जोरात. आणि एक गोष्ट त्याच्या कानानं टिपली. ठोके खालून येत होते. उभा माणूस ठोकतो त्या उंचीवरून नाही, गुडघ्याच्या उंचीवरून. कोणी खाटेवर बसून, जागचं न हलता ठोकावं तसे.

रोदिओननं दातओठ खाल्ले. म्हातारीनं सांगितलेलं त्याला आठवलं, नाही असं नाही. पण 'येतो' म्हणायचं म्हणजे नमतं घ्यायचं, आणि नमतं घेणं त्या माणसाच्या रक्तात नव्हतं. त्यानं किल्ली खाली ठेवली, दोन्ही हात खालच्या पट्ट्यांवर नेले आणि तोच ठेका, तीन आणि चार, घर हादरेल असा वाजवला. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. घे, तुला ठेका हवा ना?

त्यानं हात उचलले.

काहीच नाही.

मग भिंत अशी वाजली की वरचं कुदीनोवचं चित्र खिळ्यासकट खाली आलं. काच त्याच्या पायांवर पसरली. ठोके थांबेनात. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. रोदिओनचं डोकं फिरलं. अंगात सदरा, पायात मावशीनं दिलेल्या घरातल्या चपला, तसाच तो उठला. त्या शेजाऱ्याला दोन शब्द तोंडावर ऐकवल्याशिवाय आता काम होणार नव्हतं. मागच्या दाराचा आकडा काढला आणि घराला वळसा घालून पलीकडे गेला.

पलीकडे बिऱ्हाड नव्हतं.

खोलीच नव्हती. कुंपणापर्यंत नुसता बर्फ, वीतभर, त्यावर एक पाऊलसुद्धा नाही. आणि घराची ती बाजू... बाहेरून घर तपकिरी आहे, पण तेवढी एक भिंत निळी. फिकट निळ्या फळ्या. आपण खोलीला आतून लावतो तो रंग. एके काळी इथे खोली होती आणि ती पाडली, तिची आतली बाजू उघड्यावर राहिली, एवढं त्याला समजलं. एका फळीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, मूल किती वाढलं ते दाखवणाऱ्या. शेवटची रेघ त्याच्या कमरेला लागत होती. आणि तिच्या खाली, गुडघ्याच्या उंचीवर, रंग उडून लाकडाला खळगा पडला होता.

ठोके बंद झाले होते.

मागे दार लागलं. मग आत आकडा पडला. वारा नव्हता...

तो धावत दाराशी गेला. ढकललं. लाथा घातल्या. आत कोट, कोटात गाडीची किल्ली, कोटात फोन. फाटकाला कुलूप, पुढच्या दाराला कुलूप, खिडक्यांना गज. कुंपणाच्या फळ्या बर्फानं गुळगुळीत झालेल्या, हात ठरेना. समोरची घरं अंधारात, सगळं गाव चर्चमध्ये नाहीतर नदीवर, सणाची डुबकी मारायला. तो ओरडला. एकतीस अंशांच्या थंडीत ओरडून बघा कधी, आवाज तोंडातच राहतो.

आणि आत पियानो सुरू झाला.

शेवटचा भाग. तीन, थांबा, चार. भरदार, तिन्ही तारांचा आवाज. रोदिओन तिथेच गारठला, थंडीनं नव्हे. फीत तर तारांमध्ये होती. त्यानं स्वतः ओवली होती. त्या पियानोतून तसा आवाज निघूच शकत नव्हता.

तो भिंतीशी आला. वाजवणारा भिंतीच्या पलीकडे, हातभर अंतरावर. बर्फात गुडघ्यांवर बसला, त्या खळग्यासमोर. मूठ वळली आणि फळीवर ठोकली.

आतला आवाज वाढला.

पुन्हा ठोकली. आणखी वाढला. जितकं ठोकावं तितकं आतलं वाजवणं मुजोर होत गेलं, त्याच्याच ठोक्यांवर ताल धरत गेलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आपण काय ठोकतोय ते.

तीन. थांबायचं. ऐकायचं, कोणी उठलं का.

मग चार.

बंद कर असं नव्हतंच ते. कधीच नव्हतं. ये. लवकर ये. कोणीतरी ये.

आणि त्याला उस्त्याचा खोकला आठवला.

मला हे सांगताना रोदिओन, एवढा दगडासारखा माणूस, लहान मुलासारखा रडला. तो म्हणाला, लुकिच, त्या क्षणी मला कळलं की घरी काहीतरी झालंय. कसं कळलं विचारू नका. माझा फोन कोटात मुका पडला होता आणि झान्ना हाका मारत होती, हे मला त्या फळ्यांतून कळलं. मग मी माझ्यासाठी ठोकणं सोडलं...

बाराच्या घंटा झाल्या. तो ठोकत होता. बोटांच्या पेरांची सालं निघाली, रक्त लागताच गोठलं, फळीला चिकटलं. हात सोडवताना कातडं मागे राहिलं. तो ठोकत होता. आत ते वाजत होतं. रोदिओन 'जा कोणीतरी' म्हणत होता. 'उस्त्याकडे जा. कोणीतरी उठा. कोणीतरी...'

तीन. चार.

तीन...

पियानो मध्येच थांबला. ठेका अर्धा सोडून.

फाटकाचं कुलूप वाजलं. कापामावशी पाण्याचा कॅन घेऊन आली होती. तिनं त्याला बर्फातून ओढून काढलं, तोंडानं शिव्यांचा पट्टा चालू ठेवून आत आणलं. घड्याळात बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. पियानो होता तसाच उघडा. फीत तारांमध्ये, जशी ओवली तशी.

रोदिओननं सुजलेल्या बोटांनी फोन चालू केला. झान्नाचे चौदा कॉल. परत लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.

"म्हटलं होतं ना, येतो म्हण," म्हातारी म्हणाली. तिनं आपली शाल फाडली आणि त्याचे हात बांधायला घेतले. "एवढं एक म्हणायला काय जातं तुम्हा लोकांचं?"

"कोण आहे ते?"

"स्तेपानीदा. घर तिचं. नवरा आघाडीवर. वरून हुकूम आला आणि मोठ्या खोलीत तो संगीतवाला आणि त्याचा पियानो, ही पोरीला घेऊन मागच्या खोलीत. त्यानं तिला बजावलं होतं, मी वाजवताना यायचं नाही. याच रात्री पोरीचा गळा बंद झाला. बर्फ दाराला अडला होता, पोरीला टाकून खिडकीतून जाता येईना, म्हणून भिंत ठोकत राहिली. त्याला वाटलं, आवाज बंद कर म्हणतेय." म्हातारीनं गाठ आवळली. "सकाळी माझी आई दूध द्यायला गेली, तेव्हा स्तेपानीदा पोरीला मांडीवर घेऊन ठोकतच होती. पोर थंड झालेली. आणि तो आईला हसून म्हणाला, घरमालकीणबाईनं मला रात्रभर ताल दिला."

रोदिओन उठला. कोट घातला आणि निघाला. बांधलेल्या हातांनी चाळीस किलोमीटर गाडी कशी हाकली, ते त्याला आजही सांगता येत नाही. वाटेत नवव्यांदा फोन लावला तेव्हा झान्नानं उचलला आणि एकच शब्द म्हणाली, हॉस्पिटलचं नाव.

दीड वाजता तो तिथे पोचला. झान्ना जाळीच्या बाकावर बसली होती. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

"आहे," ती म्हणाली. "जिवंत आहे. तुझ्यामुळे नव्हे."

"सांग."

"साडेअकराला श्वास घेता येईना तिला. रुग्णवाहिकेला फोन केला, दोन तास लागतील म्हणाले. तुला केला. तुला केला. तुला केला." ती थांबली. "ओठ निळे पडले होते, रोद्या. मी तिला घट्ट धरून बसले होते, मला हलताही येईना. बाराला वरच्या मजल्यावरचा गेनादी खाली आला. दारावर लाथा घालत. म्हणे, अर्धा तास भिंत बडवताय, माणसांनी झोपायचं की नाही? शिवीगाळ करत आत आला आणि त्यानं तिला पाहिलं. तशीच उचलली, आपल्या गाडीत घातली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर..."

"कोण बडवत होतं भिंत?"

"कोणी नाही. घरात मी आणि ती. आणि ती माझ्या मांडीवर, ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली. हात आत."

तेवढ्यात नर्स दारात आली. हातात चिमटा आणि स्टीलची वाटी.

"मुलीचे वडील का? बरं झालं आलात. तिच्या हातांना काय झालंय ते सांगा जरा. घरी कोणी मारत नाही ना तिला?"

आत उस्त्या झोपली होती. नाकावर नळी, श्वास चालू होता, छाती वरखाली होत होती. दोन्ही हात चादरीवर. दोन्ही मुठींची पेरं सोललेली, मांसापर्यंत. नर्सनं त्यातून कुसळं काढून वाटीत ठेवली होती. जुन्या लाकडाची, बारीक बारीक.

"तुमच्या घरात लाकडी भिंत आहे?"

"काँक्रीटची," झान्ना म्हणाली. "पिवळा कागद लावलाय."

रोदिओन पुढे आला. तो नर्ससमोर खुर्चीवर बसला आणि त्यानं आपले बांधलेले हात टेबलावर ठेवले. तिनं शालीची गाठ सोडली. पेरं तशीच सोललेली होती. मग तिनं दुसरी वाटी घेतली, चिमटा उचलला आणि त्याच्या पेरांतली कुसळं काढायला लागली.

दोन्ही वाट्या शेजारी शेजारी होत्या. दोन्हींत रंग एकच, फिकट निळा.